पाटा, शॉकअप आणि मोजपट्टी : वाचकांचे प्रश्न

पेरणीची धावपळ सुरू व्हायच्या बेतात आहे, त्यामुळं या महिन्यातली पत्रं जवळपास सगळी एकाच विषयाची आहेत. गाडी दणके का देते, खाली का आपटते, उंच करावी का? साहजिक आहे. सोलापूर जिल्ह्यात डांबरीवरून खाली उतरलं की पाणंद, चारी, ओढा, आणि गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या, उन्हानं टणक झालेल्या चाकोऱ्या. अक्कलकोट रोडला माझं पाट्यांचं आणि सस्पेन्शनचं काम चालतं. वडील ट्रकचे पाटे बांधायचे. माझ्याकडं आता पिकअप, बोलेरो, थार, जुन्या जीप आणि अधूनमधून शेतावर फिरायच्या छोट्या फोर-बाय-फोर गाड्या येतात.

उत्तरांआधी एक गोष्ट सांगून ठेवतो, ती प्रत्येक उत्तरात लागणार आहे. पाटा (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांची स्प्रिंग) असो की कॉइल स्प्रिंग, त्याचं काम वजन पेलायचं. शॉकअपचं काम त्या स्प्रिंगची हालचाल आवरायचं. शॉकअप गाडी उचलून धरत नाही. बसलेल्या पाट्यावर महागडा शॉकअप आणि मेलेल्या शॉकअपवर जादा पाटा, हे दोन्ही खर्च माझ्यासमोर रोज होतात आणि दोन्ही वाया जातात. म्हणून पाना हातात घ्यायच्या आधी मोजपट्टी घ्या, एवढंच माझं सगळ्यांना सांगणं आहे.

प्रश्न : माझी पिकअप आहे, डाळिंबाची बाग आहे. गाडी पूर्ण भरून मार्केटला गेलो की फळ चांगलं पोचतं. पण तोडणीच्या शेवटी पंधरा-वीसच क्रेट असतात, तेव्हा पाणंदीतच फळाला डाग पडतात. गावातला मिस्त्री म्हणतो, मागचा एक पाटा काढून टाकू, गाडी मऊ होईल. काढावा का?
– एक बागायतदार, सांगोला तालुका

मालक, पाटा काढू नका.

तुमच्या गाडीचा मागचा पाटा पूर्ण मालासाठी बांधलेला आहे, आणि वीस किलोचे पंधरा-वीस क्रेट म्हणजे तीन-चारशे किलो. तेवढ्या वजनाची त्या पाट्याला दखलच नाही. स्प्रिंगचा मूळ नियम रॉबर्ट हूकनं १६७८ साली मांडला, तोच आजही चालतो: जेवढं वजन, तेवढं बसणं. त्यातून पुढचा हिशेब निघतो आणि तो तुमच्या कामाचा आहे. वजनानं पाटा १०० मिलिमीटर बसला असेल, तर गाडी सेकंदाला साधारण दीड वेळा वर-खाली होते. हा हेलकावा माणसालाही सोसतो आणि फळालाही. तोच पाटा २५ मिलिमीटरच बसला असेल, तर सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा. वजन एक-चतुर्थांशावर आलं की हलणं दुप्पट जलद होतं. अशा जलद हलण्यात क्रेट फाळक्याच्या आत उडायला लागतात, आणि डाळिंबाचा मुकुट शेजारच्या फळाच्या सालीत रुततो. तुम्हाला दिसतात ते डाग बहुतेक त्याचेच असावेत.

म्हणजे कमी मालात गाडी थोडी कडक लागणारच, ते पूर्ण घालवता येत नाही. पण त्याच्यावर जादा काही साठलंय का ते बघा. ही तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांत पाटा कडक असण्यापेक्षा पाटा अडकलेला असणं जास्त सापडतं.

पहिली तपासणी हेल्पर पाट्याची. तुमच्या पाट्यांच्या जुडग्यात माल भरल्यावरच कामाला लागणारा हेल्पर असेल, तर गाडी रिकामी असताना त्याच्यात आणि मुख्य पाट्यांत फट दिसली पाहिजे. वर्तमानपत्राचा कागद त्या फटीत घालून बघा, टोकाला आरपार सरकला पाहिजे. सरकत नसेल तर मुख्य पाटे बसले आहेत, त्यांची कमान गेली आहे, आणि हेल्पर रिकाम्या गाडीतही लागूनच आहे. तुमची गाडी कायम पूर्ण कडक पाट्यावर चालतेय. उपाय मुख्य पाट्यांचा. हेल्पर काढणं हा उपाय नाही.

दुसरी तपासणी शॅकलची. पाटा दबला की तो लांब होतो आणि मागच्या टोकाची शॅकल, म्हणजे पाट्याला चासीशी जोडणारा दुवा, झुलते. गाडी सपाट जागी उभी करा, दोघांना मागं चढून जोरात वर-खाली व्हायला सांगा आणि तुम्ही बाजूला बसून शॅकलकडं बघा. गाडीखाली जायचं नाही. शॅकल हलत नसेल, किंवा तिच्या कडेला गंजाचा अखंड थर असेल, तर पिन धरलेली आहे. आपली काळी माती पावसाळ्यात पाट्यांच्या मध्ये आणि शॅकलच्या आत शिरते, उन्हात वाळते आणि पाटे एकमेकांना चिकटवते. मग लहान धक्क्याला पाटा हलतच नाही, गाडी नुसती टायरच्या हवेवर उडते. जुडगं खोलून, साफ करून, शॅकल मोकळी करून दिली की काही गाड्यांत एवढ्यानंच फरक पडतो.

तिसरी गोष्ट हवा. दाराच्या खांबावर किंवा गाडीच्या पुस्तकात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी मागच्या टायरचे दोन वेगळे आकडे दिलेले असतात. बहुतेक जण पूर्ण मालाची हवा वर्षभर ठेवतात. अर्ध्या मालाला ती हवा जास्तच. कमी करताना कंपनीच्या आकड्याच्या खाली जाऊ नका, आणि पूर्ण माल भरायच्या आधी न विसरता परत भरा. कमी हवेवर भरलेली गाडी डांबरीवर पळवली की टायर तापून फुटतो.

आता तुमच्या मिस्त्रीच्या सल्ल्याबद्दल. एक पाटा काढला की रिकामी गाडी मऊ लागेल, हे खरं. पण पुढच्या तोडणीला तुम्ही दीड टन भरणार, तेव्हा उरलेल्या प्रत्येक पाट्यावर जादा ताण येईल. मेन पाट्याचा डोळा, म्हणजे बोल्ट जातो ती टोकाची गोल वळी, आधी तुटतो, आणि तो तुटला की मागचा एक्सल तिरका होतो. भरल्या गाडीत, वेगात, हे जिवावर बेततं.

माल ठेवायची जागा बदला, ते फुकट आहे. थोडे क्रेट असले की ते केबिनला चिकटवून ठेवा. मागच्या चाकाच्या मागं फळ ठेवू नका, गाडीचा सगळ्यात जास्त उडणारा भाग तोच. क्रेट पट्ट्यानं आवळून बांधा. क्रेटमध्ये मोकळी जागा राहिली तर कागदाचे तुकडे घालून फळ हलणार नाही असं भरा. सोलापूर डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. पॅकिंगबद्दल त्यांचा सल्ला घ्या, तो माझ्यापेक्षा पक्का असेल. आणि पाणंदीत वेग कमी ठेवा. त्याला दुसरा पर्याय मला माहीत नाही.

प्रश्न : अक्कलकोट तालुक्यात आमचं छोटं कृषी पर्यटन आहे. पाहुण्यांना शेत दाखवायला चार सीटची, परदेशी बनावटीची साइड-बाय-साइड गाडी जुनी घेतली. ओढ्यात उतरताना ती खाली आपटायची म्हणून चारही स्प्रिंगच्या रिंगा शेवटपर्यंत आवळल्या. आपटणं थोडं कमी झालं, पण आता पाठ मोडते असं पाहुणे म्हणतात आणि वळताना आतलं चाक हलकं झाल्यासारखं वाटतं. शॉकअपला वर एक नॉब आणि खाली एक स्क्रू आहे. ते कशाचे?
– कृषी पर्यटन चालक

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. इतकं नेमकं वर्णन फार कमी जण करतात, आणि त्यातच उत्तर आहे. म्हणून तुम्हाला सविस्तर लिहितो. ज्यांच्याकडं अशी गाडी नाही त्यांनीही वाचावं, कारण थारला बाजारातले ॲडजस्टेबल शॉकअप लावणाऱ्या पोरांचा गोंधळ हाच असतो.

शॉकअपवर स्प्रिंग जिच्यावर टेकते ती रिंग आवळली की स्प्रिंग कडक होते, असा समज सगळीकडं आहे. तसं होत नाही. स्प्रिंगची तार तीच, वेढे तेच, म्हणजे कडकपणाही तोच. रिंगेनं बदलते ती गाडीची उंची. रिंग खाली नेली की त्याच वजनाला गाडी वर उभी राहते. आणि चाक शॉकअपपेक्षा जास्त हलतं. शॉकअप १ सेंटिमीटर दबताना चाक २ सेंटिमीटर वर जात असेल, तर रिंग १ सेंटिमीटर खाली नेल्यावर गाडी जवळपास २ सेंटिमीटर उचलली जाते. रिंगा शेवटपर्यंत नेल्यावर गाडी किती वर गेली असेल याचा अंदाज करा. वजनाचा मध्य वर गेला, म्हणून वळताना आतलं चाक हलकं होतंय. चार सीटच्या, अरुंद गाडीत ही गोष्ट धोक्याची आहे. रिंगा सैल करून गाडी खाली आणेपर्यंत पाहुणे बसवू नका.

पाठ का मोडते? चाकाची एकूण हालचाल ठरलेली असते. गाडी उभी असताना चाकाला वर जायला जागा लागते, तशी खाली जायलाही लागते. तुम्ही गाडी इतकी वर नेली की चाकाला खाली जायला जागाच राहिली नाही. चाकोरीत किंवा खड्ड्यावर चाक खाली उतरू शकत नाही, शॉकअप पूर्ण ताणून ठोकर खातो, आणि ती ठोकर सीटमधून पाठीला लागते.

आता हे क्रमानं करा. चारही टायरची हवा पुस्तकातल्या आकड्याला आणा, सपाट जागेवर उभी करा. सिमेंटची पडवी असेल तर उत्तम. जॅक लावून चारही चाकं पूर्ण लटकू द्या आणि प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या चासीच्या एका ठरलेल्या खुणेपर्यंत मोजा. खूण खडूनं करा, परत तिथंच मोजायचं आहे. मग गाडी खाली सोडा आणि नेहमी जेवढी माणसं बसतात तेवढी बसवा. पाहुण्यांच्या ऐवजी घरचीच बसली तरी चालेल. इथं बहुतेकांचं चुकतं: गाडी जॅकवरून उतरवून लगेच मोजतात. लटकलेली चाकं आत ओढलेली असतात, आणि खाली टेकल्यावर टायर जमिनीला धरून बसतो, बाहेर सरकत नाही. आकडा खोटा येतो. गाडी दहा-बारा फूट पुढं, मग मागं ढकला, दोन-तीनदा वरून दाबा, आणि मगच मोजा.

लटकलेला आकडा वजा बसलेला आकडा, म्हणजे गाडी किती बसली ते. ते चाकाच्या एकूण हालचालीच्या एक-चतुर्थांश ते एक-तृतीयांश असावं. समजा एकूण हालचाल २५० मिलिमीटर आहे, तर साधारण ६५ ते ८० मिलिमीटर बसलेली हवी. पुस्तकात कंपनीनं उंचीचा आकडा दिला असेल तर तोच धरा. तिथंपर्यंत रिंगा सैल करा, हुक पान्यानं, डावी-उजवी सारखी. आधी रिंगेच्या आट्यांतली माती ब्रशनं काढून थोडं तेल सोडा, नाहीतर आटे खराब होतात. रिंग शेवटपर्यंत नेल्याशिवाय उंचीच येत नसेल, तर चार माणसांसाठी ती स्प्रिंग कमी पडतेय. मग जास्त कडक स्प्रिंगच लागेल, रिंगेनं ती भरपाई होत नाही.

आता तुमचे नॉब. शॉकअपला जोडलेल्या तेलाच्या छोट्या बाटलीवरचा वरचा नॉब बहुधा दबण्याचा, म्हणजे चाक वर येताना किती विरोध व्हावा त्याचा. खालच्या टोकाचा स्क्रू परत येण्याचा, म्हणजे दबलेली स्प्रिंग किती झपाट्यानं सुटावी त्याचा. बहुतेक शॉकअपला घड्याळाच्या दिशेनं फिरवलं की विरोध वाढतो. आधी हलक्या हातानं पूर्ण बंद करा आणि बंद होईपर्यंत किती टिकटिक झाल्या ते मोजून वहीत लिहा. तीच तुमची मूळ जागा. जोर लावून बंद करू नका, आतली सुई बिघडते.

ओढ्यात आपटायचा इलाज वरच्या नॉबमध्ये आहे. उंची बरोबर झाल्यावर दोन-दोन टिकटिकनं विरोध वाढवा, आणि प्रत्येक वेळी तोच ओढा, तोच वेग, तेवढीच माणसं. दोन्ही बाजूंना सारखं. एका वेळी एकच गोष्ट बदला. वर्षातनं एखादी मोठी आपट बसली तर घाबरू नका, पण रोज बसत असेल तर विरोध कमी आहे.

परत येण्याचा स्क्रू सगळ्यात शेवटी. तो फार सैल असेल तर बांध ओलांडल्यावर गाडीचा मागचा भाग उसळून वर येतो. फार आवळलेला असेल तर उलटं होतं, आणि ते ओळखणं अवघड आहे. ट्रॅक्टरच्या रस्त्यावर एकामागून एक आडव्या लाटा असतात. पहिल्या लाटेला चाक वर गेलं, दुसरी लाट आली तरी ते पूर्ण खाली आलेलं नाही. तिसऱ्या लाटेला आणखी वर. गाडी हळूहळू खाली बसत जाते, शेवटी कडक होते आणि आपटते. लोक मग स्प्रिंग मऊ आहे म्हणतात आणि रिंग आवळतात. तुमच्याही बाबतीत सुरुवात इथूनच झाली असायची शक्यता आहे. अशा रस्त्यावर सुरुवातीला गाडी ठीक आणि पुढं गेल्यावर कडक लागत असेल, तर स्क्रू एक-दोन टिकटिक सैल करून बघा.

एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडं पारा चाळिशीच्या वर असतो. तेल पातळ होतं, त्यामुळं डिसेंबरच्या सकाळी बसवलेली जागा उन्हाळ्यात सैल लागते. म्हणून शॉकअप थोडी गाडी फिरवून तापल्यावरच जागा ठरवा. बाटलीत दाबानं नायट्रोजन भरलेला असतो. तेल पाझरत असेल तर घरी किंवा वेल्डिंगच्या दुकानात तो उघडू देऊ नका, ज्यांच्याकडं गॅस भरायची सोय आहे त्यांच्याकडंच द्या. आणि नोंदणी नसलेली गाडी शेताच्या बाहेर रस्त्यावर आणू नका. पाहुण्यांना पट्टा आणि हेल्मेट लावायची सवय लावा.

प्रश्न : माझ्याकडं २०१४ ची थार आहे. पुढून उंच दिसावी म्हणून टॉर्शन बारचे बोल्ट आवळून घेतले. आता पुढच्या एक्सलचे रबर बूट फाटतात आणि प्रत्येक ब्रेकरवर ‘ठक’ आवाज येतो.
– विजापूर रोड, सोलापूर

भाऊ, तुमचा आणि वरच्या ताईंचा आजार एकच, गाडी वेगळी. टॉर्शन बार ही लांब सळई आहे. एक टोक चाक धरणाऱ्या आर्मला, एक टोक चासीला, आणि पिळली जाताना ती स्प्रिंगचं काम करते. बोल्ट आवळला की उंची वाढते, सळई कडक होत नाही. आर्म खालच्या रबराला आधीच टेकायला आलेला असतो. ब्रेकर ओलांडून चाक खाली उतरलं की तो टेकतो, तोच तुमचा ‘ठक’. एक्सलचा जॉइंट कायम वाकड्या कोनात फिरतो, म्हणून बूट फाटतो. बूट फाटल्यावर आत काळी माती गेली की जॉइंटच बदलावा लागतो, आणि तो बुटापेक्षा कितीतरी महाग.

पुढचं चाक जॅकवर उचलून, सळईवरचा ताण कमी करून, बोल्ट सैल करा. दोन्ही बाजूंचे फेरे मोजा. कंपनीच्या उंचीवर आणल्यावर अलायमेंट करा आणि हेडलाइटचा झोत खाली घ्या. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत तुमचे दिवे जात असणार, त्याचा कुणी विचार करत नाही. खरंच उंची हवी असेल, तर ती चारही चाकांना, गाडीला साजेशा पूर्ण किटनं, ब्रेकच्या पाइपची लांबी बघून करायची असते. २०२० नंतरच्या थारला पुढं-मागं कॉइल स्प्रिंग आहेत, तिला हे बोल्ट नाहीतच. म्हणून मित्राच्या गाडीचा सल्ला आपल्या गाडीला लावताना आधी खाली वाकून बघा.

प्रश्न : मी पशुवैद्यक आहे, बोलेरोनं वाड्या-वस्त्यांवर फिरते. मागच्या पाट्यांचे आणि पुढच्या लोअर आर्मचे रबर बुश बदलले, चार महिन्यांत परत फाटले. माल चांगल्या कंपनीचाच घेतला होता.
– मोहोळ तालुका

डॉक्टरताई, मालाला दोष देऊ नका. बुश बसवणाऱ्याला एक प्रश्न विचारा: बोल्ट शेवटचा आवळला तेव्हा गाडी कुठं होती?

रबर बुश सरकत नाही, तो पिळला जातो. आतली नळी बोल्टनं धरलेली, बाहेरची नळी आर्मला किंवा पाट्याच्या डोळ्याला धरलेली, आणि मधलं रबर दोन्ही बाजूंना थोडं थोडं वळतं. गाडी जॅकवर लटकत असताना बोल्ट पूर्ण आवळला, तर रबराची ‘सरळ’ जागा लटकलेल्या आर्मची ठरते. गाडी खाली आली की रबर लगेच पिळलेलं. उभ्या गाडीतही ते पिळलेलंच राहतं, आणि वस्तीच्या रस्त्यावर त्याच्याही पुढं पिळलं जातं. चार महिने टिकलं हेच खूप.

बोल्ट नुसता हातानं लावायचा, गाडी चाकांवर उतरवायची, थोडी पुढं-मागं ढकलून वरून दाबून बसू द्यायची, आणि त्या उंचीला शेवटचं आवळायचं. गॅरेजमधल्या खड्ड्यावर गाडी घेऊन किंवा रॅम्पवर चाकं टेकवून हे सहज करता येतं. माझ्याकडं शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी पहिल्याच आठवड्यात हे शिकवतो, कारण ग्राहकाला हे कधी दिसत नाही आणि ज्याला दिसत नाही त्याच्या गाडीचं काम जास्त जपून करावं. रबर बुशला ग्रीस किंवा डिझेल लावू देऊ नका, रबर फुगतं.

पाटा एक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट उघडले असतील तर नवे टाकून घ्या आणि काही शे किलोमीटरनंतर परत आवळून घ्या. नवं जुडगं चालता चालता दाबून बसतं, आणि सैल यू बोल्टनं पाट्यांना मधोमध एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटतो.

प्रश्न : वडिलांच्या काळातली जीप आहे, चारही बाजूंना पाटे. पाटे बसलेत. एक कारागीर गॅसनं तापवून, हातोड्यानं कमान परत काढून देतो म्हणतो. स्वस्तात होईल. शिवाय पाट्यांना ग्रीस लावावं का?
– करमाळा

काका, तापवून कमान काढणं म्हणजे पाट्याचं पाणी घालवणं. पाट्याचं पोलाद साधं नसतं, त्यात सिलिकॉन मिसळलेलं असतं. ते लाल करून तेलात विझवतात आणि परत ठरलेल्या तापमानाला आणतात, तेव्हा त्यात लवचीकपणा येतो. गॅसच्या ज्योतीनं मधेच लाल केलं की त्या जागेचा लवचीकपणा गेला. दिसायला कमान सुंदर दिसेल, थोड्याच दिवसांत परत बसेल किंवा तिथंच तुटेल. भट्टी आणि तेलाची टाकी असलेल्या मोठ्या कारखान्यात हे काम नीट होतं, तिथून करून घ्या. थंड पाट्यावर हातोड्यानं कमान काढणारे जुने कारागीर आहेत, त्यांच्या हाताला मी मान देतो. पण ठोक्याची खूण राहिली की तडा तिथूनच सुरू होतो, आणि बसलेला पाटा दमलेलाही असतो. मेन पाटा नवाच टाका, बाकीचे तपासून ठरवा. पाट्याला वेल्डिंग कधीच नाही, आजूबाजूलाही नाही.

ग्रीसचं उत्तर आपल्या धुळीवर अवलंबून आहे. जुन्या पुस्तकांत पाट्यांच्या मध्ये ग्राफाइट ग्रीस लावायला सांगितलेलं असतं, आणि ते बरोबर आहे, पाटे झाकलेले असतील तर. उघड्या पाट्यांवर आपली धूळ ग्रीसमध्ये बसते आणि पाटे घासून काढते. माझं मत: वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, जुडगं खोला, तारेच्या ब्रशनं साफ करा, पातळ हात ग्राफाइटचा द्या आणि बाहेरून पुसून काढा. शॅकलच्या पिनांना ग्रीस निपल असतील तिथं मात्र हात आखडू नका, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत भरा. पाट्यांच्या टोकाला रबराच्या किंवा प्लास्टिकच्या गाद्या असतील, तर तिथं ग्रीस नको.

प्रश्न : गाडी उंच केली तर आरटीओ पासिंगला अडचण येते का?
– एमएच १३ चा एक थारवाला

येते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीत आणि कंपनीच्या मूळ रचनेत बसत नाही असा बदल गाडीत करता येत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीही तेच कारण पुढं करू शकते. काम करायच्या आधी आरटीओत विचारा.

प्रश्न : शॉकअप एकच गळतोय. एकच बदलला तर चालेल का?
– बार्शी

नाही, एका एक्सलचे दोन्ही बदला. एका बाजूचा नवा आणि एका बाजूचा दमलेला असला की ब्रेक मारताना आणि वळताना गाडी एकीकडं वेगळी वागते. आधी गळतोय याची खात्री करा. रॉडजवळ तेलाचा पुसट ओलावा आणि त्यावर धूळ, एवढंच असेल तर तो मेलेला नाही. तेल नळीवरून ओघळून खाली थेंब धरत असेल तर गेला. टायरवर हात फिरवा, ठरावीक अंतरावर खोलगट घासलेलं लागलं तरी शॉकअपवर संशय घ्या.

नवा साधा तेलाचा शॉकअप आडवा ठेवून आणलेला असतो, त्यात तेलाच्या जागी हवा गेलेली असते. बसवण्याआधी तो उभा धरा, रॉड वरच्या बाजूला, आणि पूर्ण दाबून पूर्ण ओढा, पाच-सहा वेळा. सुरुवातीला मधेच पोकळ झटका लागेल, मग सगळ्या लांबीत सारखा विरोध लागेल. तो लागल्यावर आडवा न करता तसाच गाडीला लावा.